कुत्र्यांच्या जातींची आनुवंशिकी

कुत्र्यांच्या जातींमध्ये शरीर आणि स्वभाव यांचे जे भेद दिसतात, ते कोणत्या जनुकांमुळे पडतात याचा अभ्यास. चिवावा दोन-तीन किलोंचा, तर ग्रेट डेन सत्तर किलोंच्या घरातला. तरी दोन्ही लांडग्याचेच वंशज असून दोहोंच्या पेशींत गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. आजच्या बहुतेक जाती गेल्या दीडदोनशे वर्षांत, मुख्यतः इंग्लंडमधील केनेल क्लबांच्या काळात आखल्या गेल्या. जातीबाहेर संकर नाही, हा क्लबांचा दंडक अभ्यासकांच्या पथ्यावर पडला : जातीतल्या जातीत जनुकसंच इतका एकसारखा झाला की दोन जातींतला नेमका फरक शोधणे सोपे झाले. २००५मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा जनुकसंच प्रसिद्ध झाल्यावर या संशोधनाने वेग घेतला.

माणसाची उंची हजारो जनुकीय बदलांनी ठरते. कुत्र्याचा आकार मात्र बराचसा मोजक्या जनुकांच्या हाती आहे. त्यांपैकी आयजीएफ-१ हे वाढीचे जनुक २००७मध्ये हाती लागले. त्याचे एक विशिष्ट रूप जवळजवळ सर्व लहान जातींत सापडते. डाक्सहुंड, बॅसेट हाउंड, कॉर्गी यांचे आखूड पाय एफजीएफ-४ या जनुकाच्या एका जादा प्रतीमुळे होतात. ही प्रत १८व्या गुणसूत्रावर जाऊन बसली आहे. अशीच दुसरी प्रत १२व्या गुणसूत्रावर असली, तर पाठीच्या मणक्यांमधील चकत्या अकाली कडक होऊन सरकतात व मागचे पाय लुळे पडू शकतात. शुद्ध जातींमधील केसांचे बहुतेक प्रकार तर केवळ तीन जनुकांच्या मेळातून होतात : एकाने केस लांब, दुसऱ्याने कुरळे, तिसऱ्याने दाढीमिशा.

रंगाचे गणित लॅब्रॅडॉरमध्ये स्वच्छ दिसते. टीवायआरपी-१ या जनुकाची अप्रभावी रूपे दोन्ही पालकांकडून आली, की काळा रंग चॉकलेटी होतो. एमसी१आरची अप्रभावी जोडी असेल, तर केसांत गडद रंगद्रव्य उतरतच नाही आणि पिल्लू पिवळे होते. त्यामुळे काळ्या जोडीला पिवळे पिल्लू झाले, म्हणून कुत्री बाहेरून गाभण राहिली असे समजण्याचे कारण नाही. पिवळ्या कुत्र्याचे नाक तपकिरी असेल, तर त्यात चॉकलेटी रंगाची जोडीही दडलेली असते.

दिसण्यासाठी केलेल्या निवडीबरोबर रोगही येतात. डाल्मेशियनमध्ये एसएलसी२ए९ हे जनुक सदोष असल्याने लघवीत युरिक आम्ल वाढून खडे होतात. १९७३मध्ये अमेरिकेत पॉइंटर जातीशी एकच संकर करून निर्दोष जनुक परत आणले गेले. पुढच्या पिढ्यांत ठिपके टिकले आणि दोष गेला. तरी अमेरिकन केनेल क्लबाने या वंशाला नोंदणी खुली करायला २०११ उजाडले. शुद्धतेचा हट्ट प्राण्याच्या प्रकृतीपेक्षा मोठा ठरल्याचे हे ठळक उदाहरण.

वर्तनावर एकाच जनुकाचा उघड परिणाम क्वचितच दिसतो. लॅब्रॅडॉरच्या खादाडपणात तो दिसतो. २०१६मधील केंब्रिजच्या अभ्यासानुसार सुमारे चौथ्या हिश्शाच्या लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव क्षीण होते. अशा प्रत्येक सदोष प्रतीमागे वजन सरासरी दोनेक किलोंनी वाढते. अंध-अपंगांच्या मदतीसाठी पैदास केलेल्या लॅब्रॅडॉरमध्ये हा दोष अधिक आढळतो; खाऊच्या आमिषाने शिकणारे कुत्रे निवडले गेल्याचा तो परिणाम असावा.

बाकी स्वभाव असंख्य जनुकांचे बारीक परिणाम, पिल्लूपणीचे संगोपन आणि अनुभव यांतून घडतो. २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेण्यात आली व दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकसंच तपासले गेले. वर्तनातील व्यक्तिगत फरकांपैकी जेमतेम ९ टक्के फरक जातीने उलगडतो, असे त्यात आढळले. आज्ञाधारकपणात जातीचा वाटा त्यातल्या त्यात जास्त, तर चटकन अंगावर धावून जाण्यात अगदी कमी. अमुक जात मुळातच हिंस्र, या समजुतीला त्यामुळे फारसा आधार उरत नाही. बाजारात मिळणाऱ्या डीएनए चाचण्या रंग, केस आणि काही आनुवंशिक रोग यांबाबत भरवशाची माहिती देतात. पिल्लू भित्रे निघेल की धीट, हे त्यांवरून सांगता येत नाही.