विरोधातून विकास : बर्लिनपासून धुळ्यापर्यंत



हेगेल हा जर्मन तत्त्वज्ञ १७७० साली जन्मला आणि १८३१ साली बर्लिनमध्ये वारला. पांझराकाठच्या शेतकरी-मजुरांनी त्याची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचेच उत्तर आज द्यावयाचे आहे.

हेगेलचे म्हणणे थोडक्यात असे : जगात काहीच स्थिर नाही. प्रत्येक अवस्थेच्या पोटात तिचा विरोध वाढत असतो आणि त्या झगड्यातून पुढची अवस्था जन्मते. मराठीत याला कोणी द्वंद्ववाद म्हटले, कोणी विरोधविकासवाद. त्याचा आवडता जर्मन शब्द होता 'आउफहेबेन'. मोडणे, राखणे आणि वर उचलणे हे तिन्ही अर्थ त्यात आहेत. दुधाचे दही होताना दूधपण मोडते, पण कस राहतो, तसेच हे.

१८०७ च्या ग्रंथात त्याने धनी व दास यांचे नाते उलगडले. हुकूम धन्याचा, पण त्याचे सारे दासाच्या कष्टावर अवलंबून. आणि वस्तूला आकार देता देता दासाला स्वतःचे सामर्थ्य उमगते. मात्र हेगेलच्या मते इतिहास चालविते ते चैतन्य. मार्क्सने पद्धत ठेवली आणि पाया बदलला : इतिहासाचे मूळ त्याने उत्पादनात व वर्गसंबंधांत शोधले. 'भांडवल'चा पहिला खंड १८६७ साली निघाला. सहाच वर्षांनी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांची 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. एकाने वर्गाची बेडी दाखविली, दुसऱ्याने जातीची.

या दोन्ही बेड्या एकदमच तोडल्या पाहिजेत, असा आग्रह धरला तो आपल्या धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी (१९२५–२०१४). जातिअंताचा लढा पक्ष हाती घेत नाही म्हणून १९७८ साली ते मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले व त्यांनी सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष स्थापिला. आदिवासींच्या वनजमिनीसाठी ते लढले. दिग्नाग, धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडितांचाही त्यांनी अभ्यास केला. मार्क्स जे हेगेलशी वागला, तेच ते मार्क्सशी वागले. शिष्यत्व याहून खरे कोणते?

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. आपल्या भागातून ऊसतोडीला जाणारा मजूर मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. हिशेब मात्र नवऱ्याच्या नावे होतो. वर्गाच्या भाषेत त्या उचलीचे ओझे कळते. पण बाईचे कष्ट हिशेबात का दिसत नाहीत, आणि एकाच फडातले मजूर जातीपातींनी का विभागलेले राहतात, हे त्या एका भाषेत पुरते सांगता येत नाही. हे विरोध झाकून उभारलेली संघटना पहिल्याच धक्क्याला फुटते, हे मी संघटनेच्या कामात पाहिले आहे.

तात्पर्य, विरोधविकासवाद ही पाठ करावयाची पोथी नव्हे. तो मानणाऱ्याने आपल्या संघटनेतला विरोधही सभेत मांडला पाहिजे. ते धैर्य असेल तरच हे तत्त्वज्ञान आपले झाले असे म्हणता येईल.