कारवानी, पश्मी, मुधोळ : एका शिकारी श्वानजातीची तीन नावे

एकाच प्राण्यास अनेक नावे असली, तरी ती केवळ पर्यायशब्द नसतात. नाव ठेवणारा बदलला की पाहण्याची दृष्टीही बदलते. दख्खनमधील सडपातळ, वेगवान शिकारी कुत्र्याच्या तीन नावांवरून हे चांगले दिसून येते.

‘कारवानी’ हे नाव फारसी ‘कारवान’ म्हणजे तांडा या शब्दापासून सिद्ध झाले. पश्चिम व मध्य आशियातून दख्खनेत आलेल्या व्यापाऱ्यांच्या व सैनिकांच्या तांड्यांबरोबर सालुकी जातीचे कुत्रे आले आणि त्यांच्यापासून ही जात निपजली, हे रूढ मत या नावाशी जुळते. शब्दाचे कूळ हा प्राण्याच्या कुळाचा पुरावा नव्हे, हे खरे. तथापि लांब अरुंद मस्तक, खोल छाती व आत ओढलेले पोट ही लक्षणे सालुकीशी साम्य दर्शवितात. ‘पश्मी’ हे नाव फारसी ‘पश्म’ म्हणजे लोकर यावरून आले असून, कानांवर व शेपटीवर रेशमी केस असलेल्या कुत्र्यास ते लावतात. एक नाव आगमन सांगते, दुसरे रूप.

तिसरे नाव आश्रय सांगते. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी या जातीचे संगोपन केले आणि एक जोडी पंचम जॉर्ज यांस भेट दिली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. मुधोळ संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले व १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो प्रदेश म्हैसूर राज्यात गेला. नाव मात्र टिकले. २००५ च्या टपाल तिकिटावर ‘मुधोळ’ हेच नाव आहे. श्वानांची नोंद ठेवणाऱ्या दोन अखिल भारतीय संस्थांपैकी एक ‘कॅरव्हान हाउंड’ म्हणते, दुसरी ‘मुधोळ हाउंड’. यांतील ‘कॅरव्हान’ म्हणजे युरोपमार्गे परत आलेला तोच फारसी शब्द होय.

हा वाद केवळ शब्दांचा नाही. स्थलनामामुळे श्रेय दरबाराकडे जाते, आणि ज्या शेतकऱ्यांनी व मेंढपाळांनी राखणीसाठी व सशाच्या शिकारीसाठी ही जात पिढ्यान् पिढ्या जोपासली ते विस्मृत होतात. लातूरकडील गावातला कारवानी कुत्रा मग आपल्याच जातीत परका ठरतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे प्रयोजन उरले नाही. स्वभाव मात्र राहिला. हा कुत्रा वासापेक्षा दृष्टीवर विसंबतो, पळते जनावर दिसताच हाकेस दाद देत नाही, परक्याचा स्पर्श सहन करीत नाही आणि मारझोडीने बिघडतो. मेद अल्प असल्याने त्यास थंडी बाधते, कठीण फरशीवर घट्टे पडतात, आणि काही गुंगीची औषधे उतरण्यास विलंब लागतो. बरगड्या किंचित दिसणे हे उपासमारीचे लक्षण नसून या जातीची प्रकृती आहे.

नाशिकच्या गंगापूर रोडसारख्या सदनिकांच्या वस्तीत असा कुत्रा पाळावयाचा, तर जिन्याखालची साखळी पुरत नाही. रोज बंदिस्त मैदानात मोकळी धाव हवी. त्यास कोणत्या नावाने हाक मारावी हा प्रश्न अभ्यासकांचा आहे. धावणेच बंद झाले, तर तिन्ही नावे राहतील आणि त्यांचा अर्थ जाईल.