बुरूज आणि पत्रे

पुरातत्त्व म्हटले की आपल्या मनासमोर मोहेंजोदडो किंवा तेर येथील उत्खनने उभी राहतात. परंतु एखादी वस्ती विस्मृतीच्या थराखाली जाण्यास सहस्र वर्षे लागतातच असे नाही. कधी एक पिढीही पुरते. बंगळूर येथील फ्रीडम पार्क हे याचे उदाहरण होय.

१८६७ साली बांधलेले मध्यवर्ती कारागृह या जागी होते. पुढे बंदी परप्पन अग्रहार येथे हलविण्यात आले आणि २००८ साली येथे उद्यान झाले. टेहळणीचा बुरूज व काही बराकी राखून भोवती हिरवळ केलेली आहे. २६ जून १९७५ रोजी संसदीय समितीच्या कामासाठी या नगरात आलेले मधु दंडवते, अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी व श्यामनंदन मिश्र यांना अटक होऊन येथे ठेवण्यात आले. ‘संस्कार’ चित्रपटातील अभिनेत्री स्नेहलता रेड्डी १९७६ साली येथेच होत्या. दम्याने खंगलेल्या अवस्थेत जानेवारी १९७७ मध्ये त्यांची सुटका झाली आणि काही दिवसांतच त्या निवर्तल्या.

या वास्तूत त्यांचे काय उरले? बुरूज उरला, म्हणजे पहारेकऱ्याची जागा उरली. ज्यांच्यावर पहारा होता, त्यांचा पुरावा मात्र कागदावर शोधावा लागतो : स्नेहलताबाईंच्या तुरुंगातील दैनंदिनीत, आणि दंडवते व येरवड्यात बंदिवान असलेल्या त्यांच्या पत्नी प्रमिलाबाई यांच्या पत्रव्यवहारात. एका कारागृहातून दुसऱ्यात जाणारी ही पत्रे अधिकाऱ्याच्या डोळ्यांखालून जात. त्यामुळे त्यांत काय लिहिले आहे याबरोबरच काय लिहिता आले नसेल, याचाही विचार अभ्यासकास करावा लागतो. हे उत्खनन वाङ्मयाच्या वाचकाने करावयाचे आहे.

अलीकडच्या घटनांना तर वास्तूचाही आधार नाही. १९ डिसेंबर २०१९ रोजी टाउन हॉलपाशी इतिहासकार रामचंद्र गुहा यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. तेव्हाचा जमावबंदीचा आदेश उच्च न्यायालयाने २०२० साली बेकायदा ठरविला. रस्त्यावर याची खूण नाही. ती निकालपत्रात आहे. पुढे २०२१ च्या आदेशाने नगरातील निदर्शनांसाठी एकच स्थान नेमून दिले, ते फ्रीडम पार्क. जेथे विरोधकांना कोंडले होते, तेथेच विरोधाला जागा मिळाली. हा योगायोग ध्यानी यावा, एवढ्यासाठी तरी ती पत्रे पुन्हा उघडली पाहिजेत.