सदोष बांधकाम : दाद मागताना ताब्याची तारीख निर्णायक

नव्या घराच्या भिंतीत ओल आली, गिलावा निखळला किंवा स्लॅबला तडे गेले, तर दुरुस्तीचा खर्च कोणी सोसायचा, याचे उत्तर स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ म्हणजेच ‘रेरा’च्या कलम १४(३) मध्ये आहे. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत संरचना, कारागिरी, दर्जा वा सेवांमधील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. अन्यथा खरेदीदार भरपाईस पात्र ठरतो. दोष मुदतीत कळविल्याचा पुरावा हवा असल्याने तोंडी तक्रारीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

खरा वाद कारणाचा असतो. रहिवाशांनी अंतर्गत फेरबदल केले किंवा देखभालीत हयगय केली, असा बचाव विकासकाकडून सर्रास घेतला जातो. त्यामुळे तज्ज्ञांचा अहवाल कळीचा ठरतो. गुरुग्राममधील ‘चिंटेल्स पॅराडिसो’ संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका इमारतीचा काही भाग कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. दिल्ली आयआयटीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळले आणि त्यामुळे आतील सळ्या गंजल्याचे निष्पन्न झाले. असा गंज बाहेरून दिसेपर्यंत अनेक वर्षे उलटू शकतात. कलम १४(३) मध्ये मात्र छुप्या दोषांसाठी वेगळी मुदत नाही, ही त्यातील मोठी उणीव होय. मालकी हक्कातील दोषाबाबतच्या भरपाईला, उलटपक्षी, कलम १८(२) नुसार मुदतीचे बंधनच नाही.

‘रेरा’खालील भरपाई न्यायनिर्णय अधिकारी ठरवितात. या कायद्याच्या कक्षेतील बाबींवर दिवाणी न्यायालयात दावा चालत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग मात्र खुला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ‘इम्पिरिया स्ट्रक्चर्स’ प्रकरणात स्पष्ट केले. गृहनिर्माण करणारी सरकारी प्राधिकरणेही ग्राहक कायद्यातून सुटत नाहीत, असा निर्वाळा ‘लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता’ खटल्यात १९९३ मध्येच मिळाला होता. ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांत जावे लागते. विलंबाचे सबळ कारण दिल्यास तो माफ होऊ शकतो. अदा केलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग तक्रार ऐकतो.