तुमचं मूळ गाव कुठलं?

मंडळी, आपल्याकडे नवा माणूस भेटला की नावानंतरचा प्रश्न ठरलेला असतो: मूळ गाव कुठलं? माणसात सापडलेल्या पहिल्या रेट्रोव्हायरसच्या इतिहासात हा प्रश्न फार महत्त्वाचा ठरला. गोष्ट जपानमधली आहे.

१९७०च्या दशकात क्योटो इथे डॉ. कियोशी ताकात्सुकी आणि त्यांचे सहकारी रक्ताच्या कर्करोगाचे काही वेगळेच रुग्ण तपासत होते. सगळे प्रौढ. रक्तातल्या टी-पेशी बेसुमार वाढलेल्या, आणि त्यांची केंद्रकं सूक्ष्मदर्शकाखाली पाकळ्या असलेल्या फुलासारखी दिसायची. रुग्ण क्योटोत होते, पण जन्मस्थानं पाहिली तर बहुतेक जण नैर्ऋत्येकडच्या क्युशू बेटावरचे! १९७७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मग प्रश्न आलाच: एकाच भागातल्या लोकांना हा आजार का? संसर्ग तर नसेल?

तो शोधायचं साधन तयार होतं. पेशीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, असा तोवरचा समज. १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की काही विषाणू उलट चालतात. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर वापरून ते आरएनएवरून डीएनए बनवतात आणि तो पेशीच्या डीएनएत घुसवतात. असं समजा, सातबाऱ्यावर कुणी गुपचूप आपलं नाव चढवलं. पुढे कितीही उतारे काढा, ते नाव येणारच.

१९८० मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने टी-पेशींच्या कर्करोगाच्या रुग्णात असा विषाणू सापडल्याचं जाहीर केलं. तोच एचटीएलव्ही-१. १९८१ मध्ये योरिओ हिनुमा यांच्या गटाला जपानी रुग्णांतही विषाणू दिसला. दोन्ही एकच निघाले.

हा विषाणू टी-पेशीला मारत नाही, तिला वाढायला लावतो. कर्करोग व्हायला अनेक दशकं लागतात, आणि शंभर बाधितांपैकी पाचेक जणांनाच तो होतो. उरलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीच कळत नाही. याउलट एचआयव्ही त्याच जातीच्या पेशी संपवत जातो. पण १९८३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रान्स्वाझ बारे-सिनुसी आणि ल्यूक माँटानिए यांच्या गटाने तो शोधला, तेव्हा खूण तीच होती: ते उलटं विकर.

आता क्युशूकडे परत येऊ. विषाणू पिढ्यानपिढ्या तिथेच का टिकला? एक मोठा मार्ग निघाला आईचं दूध. दुधातल्या पेशींबरोबर तो बाळाकडे जायचा. ज्या दुधाला आपण अमृत म्हणतो, ते पाजू नका, असं एखाद्या धडधाकट आईला सांगायचं कसं? आणि तेही बाळाला कदाचित पन्नास वर्षांनी होईल, कदाचित होणारही नाही, अशा आजारासाठी! नागासाकी प्रांतात १९८७ पासून गरोदर स्त्रियांची रक्ततपासणी करून बाधित मातांना हा सल्ला दिला जाऊ लागला. दीर्घकाळ अंगावर पाजलेल्या मुलांत साधारण पाचांतल्या एकाला लागण व्हायची. बाटलीच्या दुधावर ते प्रमाण शंभरात दोन-तीनवर आलं.

सातबाऱ्यावरचं ते नाव खोडणारं औषध आजही नाही. पण पुढच्या पिढीच्या उताऱ्यावर ते चढू नये, एवढं त्या मातांनी करून दाखवलं.