एक जूनचं गाव

आमच्या डिंगोऱ्यात १ जूनला निम्म्या गावाचा वाढदिवस असतो. तुमच्याकडेही असणार! शाळेत नाव घालायला नेलं की जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराकडे एकदा बघायचे, सहा वर्षांचं बसेल असं साल धरायचे आणि १ जून टाकून मोकळे व्हायचे.

गंमत म्हणजे जनगणनेला दारात येतात तेही बहुधा गुरुजीच. देशाची वयवार, स्त्री-पुरुषवार आकडेवारी तिथूनच सुरू होते.

देशभर एकाच वेळी झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ च्या रात्रीची. जो जिथे असेल तिथे मोजायचा. ही एका रात्रीची पद्धत १९३१ पर्यंत चालली. नाव-गाव लोक सांगायचे, पण वय विचारलं की "असेल चाळीस". त्यामुळे तक्त्यात तीस, चाळीस, पन्नासला ही गर्दी आणि एकोणचाळीस-एकेचाळीसला शुकशुकाट. जॉर्ज हार्डी या इंग्रज विमागणितीने १८८१ ते १९०१ च्या जनगणनांवरून आयुर्मानाचे तक्ते केले, तेव्हा आधी हे उंचवटे सपाट करावे लागले. या गर्दीला मापही आहे, व्हिपल निर्देशांक. २३ ते ६२ वयाच्या लोकांत शून्य किंवा पाचवर संपणारी वयं किती, ते बघायचं. आवडता आकडाच नसेल तर १००, सगळेच गोल आकडा सांगत असतील तर ५००.

बायकांची वयं तर बऱ्याचदा घरातला पुरुषच सांगणार. त्याला बायकोचं वय माहीत असेल यावर माझा तरी विश्वास नाही.

यावर उतारा म्हणजे आठवणी. मोजणाऱ्यांना ठळक प्रसंगांची यादी दिली जायची. आमच्या भागासाठी मी करीन तर १९१८ ची मानमोडीची साथ, गांधीहत्या, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप, बाहात्तरचा दुष्काळ. "दुष्काळात खडी फोडायला जायचात तेव्हा पदरात मूल होतं का?" असं विचारलं की वय बरोबर हाती लागतं.

माझी आत्या अशीच सापडते. गांधी गेले तेव्हा ती पोटात होती, म्हणजे जन्म १९४८ चा. शाळेचा दाखला नाही. ओळखपत्र काढताना समोरच्याने अंदाजाने १९५५ टाकलं. २०२२ मध्ये पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटी फुकट झाली, पण आत्या कागदावर तरुण! ओतूरला जायला अर्धं तिकीट काढते. तक्त्यात हजारोंच्या चुका एकमेकींना सांभाळून घेतात. आत्याची चूक सांभाळणारं कुणी नाही.

उलट सगळ्यात लहानांच्या आकड्यांनी मात्र झोप उडवली. महाराष्ट्रात ० ते ६ वयात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ ला ९४६, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली आपणच केला होता, बरं का.

त्यानंतर २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली. मधल्या काळासाठी केंद्राच्या तज्ज्ञ गटाने जुलै २०२० मध्ये २०११ ते २०३६ चे अंदाज दिले. जन्म, मृत्यू, स्थलांतर धरून पाच-पाच वर्षांचे वयोगट पुढे सरकवायचे. पण ते देशाचे आणि राज्यांचे. त्यात जुन्नर तालुका नाही, मग डिंगोरे कुठलं! माळशेज उतरून कल्याण-मुंबईला गेलेली पोरं राज्याच्या बेरजेत तशीच राहतात. गावातून मात्र गेलेली असतात. आळीत म्हातारी माणसं किती उरली, याचा अंदाज त्या अहवालातून बांधता येत नाही.

नव्या मोजणीचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरला आहे. तेव्हा आत्याला अठ्ठ्याहत्तर पूर्ण झालेली असतील. गुरुजींनी विचारलं तर काय सांगशील, म्हटलं.

"लिही म्हणावं पंच्याहत्तर."