कुलूप आणि किल्ली : एका जुन्या संगणकाची बखर

दसऱ्याच्या सुटीपूर्वी शाळेची अडगळीची खोली रिकामी करण्याचा योग आला. भंगारवाला काटा घेऊन दारात उभा होता. फाटके नकाशे, पाय मोडलेले बाक, पत्र्याच्या पेट्या असे एकेक बाहेर निघत होते. शेवटी कोपऱ्यात जुन्या सतरंजीखाली झाकलेला एक संगणक निघाला. मूळचा पांढरा रंग पार पिवळा पडलेला. भंगारवाल्याने तो उचलून काट्यावर ठेवला आणि मी नकळत ओरडलो, "थांब!"

थांबवण्यास कारण होते. त्या पेटीत आमच्या मराठीच्या गुरुजींची आठ महिन्यांची मेहनत कोंडून पडली होती.

आमचे चिटगुप्पा निजामी अमलातले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर त्या बाजूला गेले. बीदर, भालकी, हुमनाबाद या बाजूला राहिले. त्या काळाच्या मोठ्या घटना ग्रंथांत आल्या. पण रझाकारांच्या धास्तीने ज्यांनी रातोरात गाव सोडले, ज्यांनी दाणागोटा बांधून हद्दीपलीकडे मुलेबाळे नेली, त्यांची नोंद कोण घेणार? गुरुजींनी ती घेतली. १९९६ साली निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना सायकलवरून खेडोपाडी हिंडून त्यांनी वृद्धांच्या आठवणी लिहून आणल्या आणि शाळेच्या संगणकावर एका बोटाने टंकलिखित केल्या. चाळीस पाने झाली. छपाईला पैसे जमले नाहीत. पुढे गुरुजी गेले, त्यांच्या वह्या वाळवीने खाल्ल्या, आणि उरली ती ही पेटी.

हा संगणक आला १९९५ साली. तत्पूर्वी १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारने 'क्लास' नावाची योजना काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक दिले होते. त्या निवडीत आमच्यासारख्या कोपऱ्यातल्या शाळेला जागा कुठली? आम्हाला तो माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून मिळाला. ४८६ जातीचा, ६६ मेगाहर्ट्झचा, ८ एमबी स्मृतीचा. त्याच्यासाठी वेगळी खोली, खिडकीला पडदा, दाराला कुलूप. चपला बाहेर काढून मुले आत जात, लांबून दर्शन घेत आणि परत येत. हात कोणी लावायचा नाही! किल्ली तेव्हा तरुण शिक्षक असलेल्या माझ्याकडे होती, आणि मला तिचा अभिमान होता.

एका दुपारी त्या बंद खोलीतून पिपाणीसारखा चित्रविचित्र आवाज येऊ लागला. दार ढकलून पाहतो तो दहावीची तीन मुले पडद्याला डोळे लावून बसलेली. पडद्यावर एक अंधारी बोळकांडी पुढे पुढे सरकत होती, खाली मधोमध बंदूक धरलेला हात, आणि वळणावरून राक्षस अंगावर येत होते. हैदराबादेत शिकणाऱ्या कुणाच्या तरी भावाने दोन फ्लॉपींवर तो खेळ आणला होता. नाव 'डूम'. मी छडी काढली, मुलांना हाकलले. मग दार आतून लावून घेतले आणि, आज कबूल करायला हरकत नाही, तासभर स्वतः खेळलो.

इतिहासाच्या माणसाला त्यात काय दिसावे? मला बीदरचा किल्ला दिसला. तिथेही रस्ता सरळ आत जात नाही. वळण, दरवाजा, पुन्हा वळण, आणि प्रत्येक वळणावर उभा असलेला अदृश्य तिरंदाज. या खेळातही लाल, पिवळी, निळी अशी किल्ली शोधल्याखेरीज पुढचे दार उघडत नाही. आजवर वरून पाहिलेले नकाशेच आम्ही शिकवत होतो. इथे प्रथमच नकाशाच्या आत उभे राहून पाहता येत होते.

या प्रकाराचा पूर्वज 'मेझ वॉर' हा १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या एका केंद्रात विद्यार्थ्यांनी रचला. अमेरिकेतल्याच इड सॉफ्टवेअर या मूठभर तरुणांच्या संस्थेने मे १९९२ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि १० डिसेंबर १९९३ रोजी 'डूम' बाहेर काढला. जॉन कार्मॅक हा त्यातला मुख्य कारागीर, तर जॉन रोमेरो हा खेळातली दालने रचणारा. आधीच्या खेळात सर्व भिंती एका उंचीच्या आणि काटकोनात. डूममध्ये जिने, खड्डे, तिरप्या भिंती, उजेड आणि अंधार. ३८६ जातीच्या, ४ एमबीच्या यंत्रावर हे चालावे कसे? युक्ती अशी की सगळी जागा आधीच लहान लहान तुकड्यांत विभागून ठेवायची, म्हणजे कुठला तुकडा जवळचा आणि कुठला दूरचा हे क्षणात कळते आणि जे दिसणार नाही ते रेखाटण्यात वेळ जात नाही. ही विभागणी कार्मॅकने शोधून काढलेली नव्हे. १९८० साली तीन अभ्यासकांनी एका शोधनिबंधात ती उघडपणे मांडली होती. शिवाय खोलीवर खोली रचायचीच नाही, आणि राक्षस म्हणजे निरनिराळ्या बाजूंनी काढलेली सपाट चित्रे! आमच्या बहुरूप्यांसारखी ही सारी नजरबंदी.

हा खेळ हिंसक होता, यात वाद नाही. योगायोग असा की तो निघण्याच्या आदल्याच दिवशी अमेरिकेच्या सिनेटमध्ये अशा खेळांतील हिंसेवर सुनावणी झाली होती. जर्मनीने १९९४ मध्ये त्याच्या मुलांना होणाऱ्या विक्रीवर निर्बंध घातले, ते २०११ मध्ये उठवले. पालक म्हणून माझेही मन त्याच बाजूला होते. पण त्या तीन मुलांनी त्या खेळापायी यंत्राची आज्ञावली, स्मृतीचा हिशोब, फायलींची रचना शिकून घेतली. पडद्याआडून दर्शन देणाऱ्या आमच्या तासाला ते जमले नव्हते.

त्यांपैकीच एक मुलगा आता बीदरला संगणक दुरुस्तीचे दुकान चालवतो. मी त्याला बोलावले. त्याने धूळ झाडली, गळलेली बॅटरी काढली, कुठलीशी तार जोडली. बराच वेळ काळोख. मग पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. तारीख, १ जानेवारी १९८०! त्याने न राहवून चार अक्षरे टंकली आणि तीच बोळकांडी, तोच हात, तीच पिपाणी.

"सर, टायम इसरलंय बघा, पण खेळ नाही इसरलं," तो म्हणाला.

आम्ही दोघे आलटून पालटून खेळलो. मला तिथे बसलेले माझे पंचविशीतले रूप दिसत होते आणि त्याला कदाचित माझी छडी.

मग मी म्हटले, "आता गुरुजींचं काढ." त्याने मराठी मुद्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पडद्यावर इंग्रजी ओळ आली : कुलूप जोडा. त्या काळी एका संस्थेच्या या कार्यक्रमासोबत काडेपेटीएवढे उपकरण मिळे. यंत्राच्या पाठीमागे ते लावल्याशिवाय एक अक्षर दिसत नसे. ते तीस वर्षांत कुठे गेले कोण जाणे.

त्या क्षणी मला दोन गोष्टींतला फरक लख्ख कळला. डूमच्या कर्त्यांनी पहिला भाग फुकट दिला होता, वर प्रत काढून मित्राला द्या असे सांगितले होते. पुढचे भाग तेवढे विकत. आणि २३ डिसेंबर १९९७ रोजी त्यांनी खेळाची मूळ आज्ञावलीच जगापुढे उघडी केली. ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा असल्याने वगळावा लागला; तो लोकांनी नव्याने लिहिला. म्हणून आज तो कुठल्याही यंत्रावर चालतो. आमच्या अक्षरांचे मात्र उलटे झाले. देवनागरीसाठी भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले, त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. तरी बाजारात प्रत्येकाने आपापला संकेत चालवला. एकाचा 'क' दुसऱ्याकडे भलतेच चिन्ह. राक्षसांची गोष्ट जगाला मोकळी मिळाली आणि रझाकारी सोसलेल्या म्हाताऱ्यांची गोष्ट कुलपात राहिली.

यंत्रात त्या लिपीचा अक्षरसंच तेवढा शिल्लक होता. त्या आधारे माझ्या विद्यार्थ्याने साध्या लेखनपटलावर फाइल उघडली. जोडाक्षरे फुटलेली, वेलांट्या भलतीकडे, मधे कचरा. चार रविवार आम्ही समोरासमोर बसून ओळ न् ओळ नव्या युनिकोड लिपीत उतरवली. एकतीस पाने हाती लागली. उरलेली नऊ गंजलेल्या चकतीवर कायमची पुसली गेली. त्यांत एका आजीची हकिकत होती, हे गुरुजींच्या अनुक्रमणिकेवरून कळते. नाव आहे, गाव आहे, हकिकत नाही. आणि ती विचारावी असे त्या घरात आता कोणी नाही.

बीदरला महमूद गवानचा मदरसा आहे, १४७२ चा. तिथल्या ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे सांगतात. पुढे औरंगजेबाच्या काळात आत साठवलेल्या दारूचा स्फोट होऊन अर्धी इमारत कोसळली. आम्ही सहलीला मुले नेतो, पडकी बाजू दाखवतो आणि हळहळतो. आमच्या पिढीचा मदरसा स्फोटाशिवायच कोसळतो आहे, घरोघरच्या कपाटांत, आवाज न करता.

ती एकतीस पाने आता शाळेत, तालुक्याच्या वाचनालयात आणि मागेल त्याच्याकडे आहेत. प्रत काढायला कुणाची परवानगी लागत नाही. संगणक भंगारात गेला नाही. तो प्रयोगशाळेत उघड्या टेबलावर ठेवला आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मोठी मुले त्यावर खेळतात. त्या खोलीला आता कुलूप नाही.